मुनग्याखालची डबी

कारधा
ता. २४ नोव्हेंबर २०२४, आइतवार

मेघा,

पत्राच्या डोक्यावर आधी आशीर्वाद लिहावे अन् मंग कारण लिहावं, असं आम्हाले तिसरीत गुरुजीनं शिकवलं होतं. तिसरीच्या पुढे मी गेली नाही, म्हणून तेवढंच पक्कं ध्यानात राहिलं. आशीर्वाद तर तुले रोजच आहेत. कारण असं आहे, का मी फोन केला तर तू म्हणते, "उर्वशीले द्या." मी देते. मंग बाजूले बसून तुम्हा मायलेकीचं ऐकते. ऐकायले गोड लागते, पण माझं बोलणं पोटातच राहून जाते. म्हणून लिहून राहिली. वही उर्वशीची, पेन्सिल उर्वशीची अन् चुका काढणारी मास्तरीण पण तीच. "आजी, राहिलीतल्या हिले पहिली वेलांटी." सात वर्षांची पोट्टी मले वेलांट्या शिकवून राहिली! मले त असं हसू येते का डोळ्यातून पाणी गळते.

पहिले तिचंच सांगते. तिचा खालचा समोरचा दात हालून राहिला. अन् माझी वरची एकच दाढ उरली आहे, ते पण हालून राहिली. आमची शर्यत लागली आहे. ज्याचा आधी पडेल त्याले शेरभर सिंगाडे उकडून. सकाळी उठली का दोघी एकमेकीच्या तोंडात बोट घालून पाहतो. रत्नमालानं कुंपणावरून पाहिलं तर म्हणते, "काय वं ललिताबाई, बैल विकत घेऊन राहिली का?"

तुझ्या ऑपरेशनातले खडे भिंतीतल्या ताकावर ठेवले आहेत, त्या लहान शिशीत. अकरा आहेत. उर्वशी रोज मोजते, कमी-जास्त झाले का म्हणून. शाळेत नेतो म्हणे, बाईले दाखवतो. मी नाही म्हटलं. माणसाच्या पोटातली वस्तू वर्गात फिरवायची नसते.

धान चुरून झालं. बांधीत लाखोरीचं पीक वर आलं. तू आंबागडले मायजवळ गेली ते बरंच केलं. टाके ओले असले का मायच्याच हातचं खावं. पण जाताना तू माझ्या पाया नाही पडली, ते मले दिसलं. दिसलं अन् समजलं. धानाच्या रोवणीच्या दिवसात तू पोट धरून बांधाच्या पारीवर बसली होती अन् मी साऱ्या बायांसमोर म्हटलं होतं, "आमच्या सुनेले रोवणी आली का पोट दुखते." बाया हसल्या. तू नाही हसली. मंग दोन वर्ष मी तुले ओवा अन् हिंग चारला. डॉक्टरनं फोटो काढला तेव्हा पिशवी खड्यानं भरलेली. तू भूपेंद्रले म्हटलं होतं, "तुह्या मायनं माह्या पथरीले खतपाणी घातलं." आपली भिंत पातळ आहे, पोरी. मले ऐकू आलं.

आता आखरीचं. टाके पाहताना डॉक्टरनं भूपेंद्रले विचारलं म्हणे, पित्ताच्या पिशवीचा रिपोर्ट कुठे आहे. तो घरी येऊन मले विचारते, "माय, मी इंजेक्शन आणायले गेलो होतो तेव्हा नर्सनं तुह्याजवळ डबी देल्ली होती का?" मी म्हटलं, मी तिले वापस देल्ली. तर तू काळजी करू नको. दवाखान्यात असेल कुठेतरी. तिथे अशा लय डब्या असतात.

पत्र भाताच्या शितानं चिकटवून भूपेंद्रजवळ देऊन राहिली. तो फोडून वाचणार नाही, पण शीत असलेलं बरं.

वाडीतला मुनगा, उर्वशीच्या पुस्तकातला शेवगा, यंदा फुलानं पांढरा झाला आहे. मी तोडत नाही.

तुझी सासू,
ललिताबाई


कारधा
८ डिसेंबर, आइतवार

मेघा,

तू उत्तर नाही लिहिलं, पण माझा डबा धुवून त्यात बोरं भरून पाठवली. बोरं म्हणजेच उत्तर, असं मी समजली. उर्वशीनं आठळ्या मोजल्या, एकशे चौदा. तिले आता दिसेल ते मोजायची सवय लागली.

दात पडला! भाकर खाताना पडला अन् भाकरीतच गेला. आम्ही दोघींनी भाकर चुरून पाहिली, मंग सापडला. कौलावर फेकला. "चिऊताई, माझा दात घे, तुझा मले दे," असं तिनं एवढ्या मोठ्यानं म्हटलं का नदीच्या पुलावरून जाणाऱ्या माणसाले ऐकू गेलं असेल. शर्यत ती जिंकली. मी हरली म्हणून सिंगाडे मीच उकडले, अन् अर्धे मीच खाल्ले. माझी दाढ अजून लटकली आहे. बाजारातल्या उधार मागणाऱ्यासारखी, जात पण नाही अन् बसत पण नाही.

शुक्रवारी भूपेंद्रनं फॅक्टरीतून सुट्टी घेतली अन् मले गाडीवर बसवून भंडाऱ्याले नेलं. "माय, तू समोर उभी राह्य, तूच सांग कोणाले वापस देल्ली." त्या नर्सचं नाव टीना आहे. कोवळी पोरगी, तुझ्या लहान बहिणीएवढी. ती म्हणते, "आजी, आठवा ना. मी तुमच्याच हाती देल्ली होती ना?" मी म्हटलं, "अन् मी तुले वापस नाही का देल्ली? तूच विसरली बाई." मोठे डॉक्टर तिले आमच्यासमोरच रागावले. तपासणीच्या जागी भूपेंद्र जाऊन आला, त्यांची वही पाहिली, तुझं नाव त्यात नाही. डॉक्टर म्हणाले, पिशवीची भिंत एका जागी जाड होती, हाताले कडक लागली, म्हणून तपासणं जरुरी होतं. कडक. तो एक शब्द मले पूल ओलांडून घरी येतपर्यंत पुरला.

मी कुठे होती? हो, चिंधूचं सांगत होती. नाही सांगत होती? मंग आता सांगते.

माझा लहान भाऊ चिंधू, तू त्याले पाहिलं नाही. धानाच्या मिलमध्ये कामाले होता. पट्ट्यात उजवा हात गेला. दवाखान्यात कोपरापासून कापला. कापलेला हात कुठे गेला हे बापानं नाही विचारलं, मी पण नाही विचारलं. आम्ही चिंधूले जिवंत घरी आणलं याच खुशीत. मंग एक दिवस जेवता जेवता तो मले म्हणते, "ताई, माह्या बोटाले मुंग्या चावून राहिल्या." मी म्हटलं, कोणत्या बोटाले? त्यानं रिकाम्या बाहीकडे दाखवलं. पाऊस पडला का म्हणे, हात भिजून राहिला. एकदा भर दुपारी ओरडत उठला, कुत्रं ओढून राहिलं म्हणून. बारा वर्ष जगला तसा. मरताना पाणी नाही मागितलं त्यानं. "माझा हात झाकून या," एवढंच म्हणत होता. कुठे जाऊन झाकणार, बाई? कुठे पडला होता ते कोणाले माहीत?

हे मी तुले काहून सांगितलं कोण जाणे. म्हातारीची जीभ, उतारावरची गाडी.

काल फोनवर तू उर्वशीले म्हटलं म्हणे, का पोटात उजवीकडे थंड वाटते, कोणी ओली माती ठेवल्यासारखं. तिनं मले हसत हसत सांगितलं. मी तवा घासत होती. तवा हातून सुटून पायावर पडला. लागलं नाही जास्त.

धुण्याच्या दगडाचं पाणी मुनग्याच्या बुडाशी जाते ना, ते मी आज सकाळी नाली खोदून केळीकडे वळवलं. मुनग्याले जास्त पाणी सोसत नाही म्हणतात. रत्नमाला फुलं मागायले आली होती भाजीसाठी. मी नाही म्हटलं तर तोंड फुगवून गेली.

ललिताबाई


कारधा
१९ डिसेंबर, गुरुवार

मेघा,

हे पत्र उर्वशीले दाखवलं नाही. चुका तशाच राहतील.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, पोथी काढली. उर्वशी वाचते अन् मी ऐकते, असं यंदा चालू आहे. खोटं बोलणाऱ्याच्या घरातून लक्ष्मी उठून जाते, तिथपर्यंत पोट्टी वाचत आली अन् म्हणते, "आजी, तू पाणी पी, तुहा चेहरा कसा झाला."

डबी मी टीनाले वापस नाही देल्ली. डबी आपल्या वाडीत आहे. मुनग्याखाली. मी पुरली.

आता सगळं लिहिते, एका दमात, नाही तर पुन्हा चिंधूकडे जाईन.

त्या दिवशी भूपेंद्र औषधाच्या दुकानात गेला होता. टीना बाहेर आली, तिच्या हातात दोन वस्तू. लहान शिशीत तुझे खडे अन् पांढऱ्या झाकणाची मोठी डबी, पाण्यात बुडालेलं काहीतरी. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत इंग्रजी चिठ्ठी. मी म्हटलं, "याचं काय करायचं, बाई?" तिनं सांगितलं, "आजी, पॅथॉलॉजीले देऊन द्या. उशीर नका करू." ती घाईत आत पळाली. मी ऐकलं, पथरीचं होय, देऊन द्या. पॅथॉलॉजी हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता, पोरी. पथरी ऐकला होता, दोन वर्ष तोच ऐकत होती. अन् माणसाचा तुकडा कोणाले देऊन द्यायचा असते? मातीले. उशीर नाही करायचा म्हणजे दिवस बुडायच्या आत. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ बसलं का विचारायची गरजच वाटली नाही.

मले त उलट बरं वाटलं. चिंधूच्या वेळी जे नाही केलं ते तुझ्या वेळी करू, असं वाटलं. तू माझ्याशी बोलत नव्हती. मले वाटलं, बोलो का न बोलो, तिचा तुकडा मी उघड्यावर नाही पडू देणार. रत्नमालाच्या पोराच्या गाडीवर मी अन् उर्वशी दिवस असताना घरी आलो. हातभर खड्डा केला. हळद लावली, कुंकू लावलं, मूठभर नवे तांदूळ घातले. उर्वशीले म्हटलं, आंब्याची कोय लावून राहिली.

मंग डॉक्टरनं रिपोर्ट मागितला अन् मले कळलं का मी काय केलं. तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. भूपेंद्र मले अडाणी म्हणेल याचं भेव नव्हतं, अडाणी त मी आहेच. भेव तुझं होतं. आधी रोवणीचं बोलणं, मंग ओवा अन् हिंग, अन् आता हे. तू म्हणशील, ही म्हातारी मले जिवंतपणी पुरायले निघाली.

तू थंड वाटते म्हटलं त्या दिवसापासून मी मुनग्याकडे पाठ करून धुणं धुते. पाणी वळवलं. दोन दिवसांनी उर्वशीले म्हटलं, आईले विचार, अजून थंड वाटते का? तिनं विचारलं. तू म्हटलं, नाही, कालपासून नाही वाटत. पोट्टी खुशीत उड्या मारत आली सांगायले. अन् मी वाडीचं दार लावून घेतलं. म्हणजे ते अजून तुझ्याशी जोडलेलंच आहे. चिंधूच्या हातासारखं. भर दुपारी वाडीत कोणी नसते, तरी तिथे कोणीतरी पडलं आहे अन् वाट पाहून राहिलं आहे असं वाटते. कावळा त्या झाडावर बसत नाही. नाही तर बसत असेल, मीच वर पाहत नाही.

भूपेंद्र आता ड्युटीवरून येईल. त्याले म्हणीन, जेवू नको, हे पत्र घेऊन आताच्या आता आंबागडले जा. त्याले पण तूच सांगजो. माझ्यानं नाही होत.

रागाव. पण लवकर रागाव.

ललिताबाई


कारधा
५ जानेवारी २०२५, आइतवार

मेघा,

तुझा फोन आला तो मले मरतपर्यंत आठवेल. उर्वशी धावत आली, "आजी, आई तुले मागते!" तुझा फोटो निघाल्यापासून तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी फोन उलटाच धरला. तू ना राम राम म्हटलं ना शिवी देल्ली.

"आई, डबी उघडली होती का तुम्ही?"

"नाही वं माय."

"झाकणावरची पट्टी काढली होती?"

"नाही. हातपण नाही लावला."

"काहून नाही उघडली?"

मी म्हटलं, "मले लाज वाटली. तुह्या आतलं मी कशी पाहू?"

मंग तू म्हटलं, "डॉक्टरले विचारलं मी. ते औषधाचं पाणी आहे, बंद असेल तर खराब नसेल झालं. खोदा. अन् आई, हातानं खोदा, कुदळ नका मारू."

मी हातानंच खोदलं. भूपेंद्र बाजूले उभा. उर्वशीले रत्नमालाकडे पाठवलं तर दोघी कुंपणावर टांगून पाहत होत्या. डबी निघाली तशीच्या तशी, प्लास्टिकमधली चिठ्ठी पण कोरडी. हळद अजून पिवळी होती. भूपेंद्रनं दुपट्ट्यानं पुसली.

"माय, याले हळद-कुंकू लावलं तू?"

"लावलं."

"कायले?"

"मंग का तिले तसंच पाठवू?"

मले वाटलं आता चिडेल. तो डबी मांडीवर घेऊन तिथेच मातीत बसला अन् रडला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, तोंड उघडं ठेवून. मंग तसाच गाडीवर बसला अन् पूल ओलांडून गेला.

रिपोर्टचं भूपेंद्रनं मले सांगितलं नाही. "थोडं इन्फेक्शन निघालं," म्हणे, अन् मान खाली घालून जेवला. तूच सांगितलं फोनवर, सरळ, जसं बाजारात भाव सांगतात तसं. पथरीच्या पिशवीच्या भिंतीत कॅन्सर होता. कोणाले माहीत नव्हता. फोटोत नव्हता दिसला, डॉक्टरले नव्हता दिसला, खडे काढायले गेले अन् तो मागे लपून बसलेला. मी म्हटलं, पिशवी त काढली, मंग गेला ना? तू म्हटलं, पिशवी गेली, पण तो भिंतीत खोल शिरला होता, म्हणून बाजूच्या लिव्हरचा तुकडा अन् आजूबाजूच्या गाठी काढून पाहाव्या लागतात. दुसरं ऑपरेशन. नागपूरले. पहिल्या ऑपरेशनपासून चार ते आठ आठवड्यात झालं तर चांगलं.

मी बोटं मोजली. उर्वशीकडून पण मोजून घेतली, तिले नाही सांगितलं कायचे मोजून राहिलो. पंधरा जानेवारीची तारीख भेटली, तेव्हा नऊ आठवडे होतात. माझे पाच आठवडे त्यात आहेत. मातीतले.

तू माझ्या मनातलं ओळखलं असेल, म्हणून लगेच म्हटलं, "आई, दवाखान्यातल्या कचऱ्यात गेली असती तर ते पण नसतं. डॉक्टर म्हणे, आहे तेवढ्यावर करू." माफ केलं असं नाही म्हटलं तू. ते मी ऐकलं. नाही म्हटलं तेच बरं, मले खोटं वाटलं असतं.

भूपेंद्र म्हणते दुसरी स्टेज. मले स्टेज म्हणजे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचीच माहीत, पहिलीसमोर खुर्चीवाले बसतात अन् दुसरी मागच्या गल्लीत, तिकीट स्वस्त. मी त्याले म्हटलं तर हसला. लय दिवसांनी हसला. अन् तुझा तो पेट स्कॅन. मी म्हटलं, पेटाचा असेल तर बरा, एवढ्याशा पोटाले किती वेळ लागणार. तर म्हणे डोक्यापासून मांडीपर्यंत फोटो काढतात! नाव पेटाचं अन् काम साऱ्या अंगाचं. दुसरीकडे कुठे नाही निघालं म्हटलं त्यानं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली अन् मुंग्यांआधी उर्वशीनं खाल्ली.

टीनाकडे जाऊन आली. सिंगाडे नेले अन् तिच्या मोठ्या डॉक्टरसमोर म्हटलं, खोटं मी बोलली, ही पोरगी खरी. टीना बाहेर येऊन म्हणते, "आजी, तुमच्यामुळे आता वही आली. डबी घेणाऱ्याची सही घेतो आम्ही, अन् कुठे न्यायची ते मराठीत लिहून देतो." मले वाटलं ती अजून रागावली आहे. पण सिंगाडे ठेवून घेतले.

एक गोष्ट भूपेंद्रले नाही सांगितली, तुले सांगते. मुनग्याखालचा खड्डा मी बुजवला नाही. रिकामा खड्डा बुजवू नये, असं माझी माय म्हणे, जे काढलं त्याच्या बदल्यात तो माणूस मागते. अन् उघडा ठेवला तर रोज आ वासून दिसते. धुणं धुताना मागून कोणी पाहून राहिलं असं वाटते. त्यावर टोपली पालथी घातली आहे, वर गोटा ठेवला आहे. त्याले काय द्यावं ते मले समजून नाही राहिलं.

ललिताबाई


नागपूर, दवाखान्यातला बाक
१५ जानेवारी, बुधवार

मेघा,

तू आत आहे अन् मी बाहेर. भूपेंद्र फेऱ्या मारून राहिला, त्याच्या चपलेचा आवाज ऐकून बाजूची बाई दोनदा उठून गेली. म्हणून लिहायले बसली. वही उर्वशीनंच देल्ली, "आजी, आईले सगळं लिहून ठेव, ती झोपलेली असेल तर तिले कसं माहीत होईल?"

काल संक्रांत. सकाळी तीळगूळ खाताना माझी दाढ निघाली. चटकन. रक्त पण नाही. उर्वशी कौलावर फेकायले धावली, मी तिच्या हातातून हिसकली. मंग आम्ही दोघी मुनग्याकडे गेलो. टोपली उचलली. मी दाढ खड्ड्यात ठेवली अन् म्हटलं, "हे घे. हे पण मांसातूनच निघालं. एका घरातून एकच मागायचं असते." उर्वशी म्हणते, "आजी, नवीन दात येईल का तुले?" मी म्हटलं, मले नको, ज्याले पाहिजे त्याले येऊ दे. दोघींनी माती लोटली. तिनं वर नाचून पक्की केली. तिले वाटलं खेळ आहे. मी पण हसत होती. जमीन हसणाऱ्याकडून घेते का रडणाऱ्याकडून, मले माहीत नाही. घेतलं असेल तर बरं.

अन् आज संक्रांतीची कर आहे. करीच्या दिवशी आम्ही कधी घराचा उंबरठा नाही ओलांडला. डॉक्टरनं पंधरा तारीख सांगितली तेव्हा जिभेवर आलं होतं, एक दिवस पुढे ढकला म्हणून. मी जीभ चावली. माझ्या रीतीपायी तुझे पाच आठवडे गेले, सहावा नाही जाऊ देणार.

सकाळी तुले चाकाच्या खाटेवरून नेऊन राहिले होते, हिरवा गाऊन, केस टोपीत, तू एकदम उर्वशीएवढी दिसली. दारापाशी नर्सनं विचारलं, काढलेले तुकडे खाली तपासायले कोण नेणार, सही कोणाची? भूपेंद्र म्हणे, मी. तू मान वळवली. म्हटलं, "नाही. आईजवळ द्याल."

भूपेंद्र म्हणे, "मेघा, अवं पण..."

"आईजवळच. त्या उघडत नाहीत."

दार लागलं. बस, एवढंच. चार महिन्यांनी तू माझ्याकडे पाहून बोलली, अन् बोलली ते पण दुसऱ्याले सांगितल्यासारखं. मी पदरात तोंड घातलं. रडत नव्हती. दाढेच्या जागी जीभ जात होती सारखी.

साडेतीन तास झाले अन् नर्स आली. या वेळी तीन डब्या. एकीत लिव्हरचा तुकडा, दुसरीत गाठी, तिसरीत काय ते तिनं सांगितलं, मी विसरली. मी म्हटलं, "बाई, तीनही चिठ्ठ्या वाचून दाखव." तिनं वाचल्या. मेघा भूपेंद्र, मेघा भूपेंद्र, मेघा भूपेंद्र. मंग विचारलं, "ती कशी आहे?" म्हणे, "चांगली आहे, टाके घालून राहिले."

लिफ्टनं नाही गेली, तिचा भरोसा नाही. जिना उतरली, एक एक पायरी, डब्या पोटाशी धरून. भूपेंद्र मागे मागे, "माय, हळू. माय, एक तरी मले दे." नाही देल्ली. झाकणं बोटाले रुतली होती. अन् चिंधू आठवला, पण या वेळी मुंग्यावाला नाही. लहान चिंधू आठवला, तळ्याच्या पाळीवरून माझं बोट धरून चालणारा.

खाली काचेची खिडकी. वर पाटी. मी उभी राहिली अन् एक एक अक्षर लावलं, उर्वशी शिकवते तसं. पॅ. थॉ. लॉ. जी. मागे लाइन लागली होती. कोणी म्हणे, आजी, सरका ना. मी म्हटलं, थांब बाबू, वाचून राहिली.

आतल्या माणसानं नाव विचारलं, सही मागितली. मी पूर्ण नाव लिहिलं, वेलांट्या पाहून. त्यानं डब्यांवर नंबर टाकले. रिपोर्ट आठ दिवसांनी म्हणे. गाठीत काही निघालं तर गोळ्या लागतील, सहा महिने, असं डॉक्टर भूपेंद्रले सांगत होते. नाही निघालं तरी दर तीन महिन्यांनी फोटो काढायले यायचंच आहे. आठ दिवस मी काही मागत नाही कोणाले. मागायचं ते काल मुनग्याखाली मागून झालं.

तू डोळे उघडशील तेव्हा पहिले हेच विचारशील, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. पोचल्या. तिन्ही. उघडल्या नाहीत.

एक राहिलं. त्या माणसानं डब्या घेतल्या अन् मागच्या फळीवर ठेवल्या. बरोबर वर एसीचं तोंड. मी खिडकीतून हात घातला.

"भाऊ, तिथे नको ठेवू."

"काहून, आजी?"

"तिले थंड वाटते."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मंग भूपेंद्रकडे पाहिलं. हसला नाही. उठला, तिन्ही डब्या उचलल्या अन् बाजूच्या टेबलावर आणून ठेवल्या, जिथे खिडकीतून ऊन येऊन राहिलं होतं.

ललिताबाई